उचगावच्या माडीवरची तांबडी माती

पुण्याहून सकाळी निघालो तेव्हा पिशवीत तडे मोजायची पट्टी होती, हातोडी होती आणि अंगात प्राध्यापकी तोरा होता. स्लॅब का तडकतात, यावर मी संशोधन करतो. उचगावचे आप्पा ओळखीतले; त्यांनी फोनवर "घराच्या छतावर जरा नजर टाकून जावा" म्हटलं, म्हणून कोल्हापूर गाठलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "माडीवर कुस्ती चालती, ते घर व्हय?" मी पिशवीतली पट्टी चाचपून पाहिली.

आप्पांनी दारातूनच ताटावर बसवलं. "पावणं, उपाशीपोटी काय कळतंय?" पांढऱ्या रश्श्याच्या (नारळाच्या दुधातल्या, सौम्य) तिसऱ्या वाटीनंतर मी माडी चढलो, तीही कठड्याला धरून.

वरच्या खोलीत गुडघाभर तांबडी माती! हौदा (कुस्तीची जागा) म्हणे. गल्लीतल्या तालमीत पोरींना घेत नाहीत, म्हणून आप्पांनी नातीसाठी घरातच तालीम काढलेली. पंधरा दिवसांवर त्या नातीची, गौरीची निवड चाचणी होती.

"मातीत काय घालता?"

"ताक, तेल, हळद. रोज घालतोय की," आप्पा कौतुकानं म्हणाले.

म्हणजे स्लॅबवरच्या ओझ्याला रोजचा खुराक चालू होता. खाली येऊन छत पाहिलं. मधोमध नाणं जाईल एवढा तडा! त्याच्याच खाली बसून मी रस्सा भुरकला होता. खरं सांगतो, घाबरलो.

"आप्पा, आधी टेकू लावा. माती आजच उतरवायची."

"आन् पोरगीनं कुठं खेळायचं?" आप्पा मटकन पायरीवर बसले. गौरी कोपराला चिकटलेली तांबडी माती खरवडू लागली. मला माझाच राग आला.

अंगणात पत्र्याची शेड होती, त्यात नवी कोरी गाडी. मी म्हटलं, "भुईवर कितीही माती चालते. गाडी हलवा."

आप्पांचा जीव गाडीत. ते उपरण्यानं गाडीची काच पुसू लागले. तेवढ्यात गौरीची आई म्हणाली, "ऱ्हाईल की बोळात. गाडीला कुठं चाचणी हाय?"

टेकू लागले. गौरीनं माझ्या हातात घमेलं दिलं, "सर, धरा." संध्याकाळपर्यंत माती वाहिली. आयुष्यभर स्लॅबवरचा भार कागदावर मांडला, अंगावर पहिल्यांदाच घेतला.

पुण्यात दोन दिवस कंबर धरून अहवाल लिहिला: स्लॅब पाडून नवा घाला. तडा दाखवून माणसाला घाबरवता येतं, त्याची हौस मात्र कुठल्याच अहवालानं आवरत नाही. हे मला कळलं ते तीन आठवड्यांनी, गौरीच्या फोनवर.

"सर, निवड झाली! आन् आप्पा इचारत्यात, नव्या स्लॅबवर गाडी चढवली तर चालंल का?"