बाबांचा वजीर

कापराचा वास आला की मनात अजून सासऱ्यांची बुद्धिबळाची पेटी उघडते. महूच्या पलटणीतून निवृत्त झालेले बाबा इंदुरातल्या घरी मला, नव्या सुनेला, उंटाची तिरपी नि घोड्याची अडीच घरांची चाल शिकवत होते. त्यांचा वजीर माझ्या हत्तीसमोर आला, तरी मी नुसतं प्यादं सरकवू लागले.

“वजीर दिसला नाही?”

“दिसला. पण तुमचा कसा मारू?”

“पटावर लिहाज नाही चालत, बेटा. मार!”

मी तो गार, शिसवी वजीर उचलला. त्यांनी तो मुद्दामच उघडा ठेवला असावा, हे आज उमगतं. तेव्हा मात्र आठवडाभर मनात ठेवलेला प्रश्न ओठांवर आला, “बाबा, कॉलेजात शिकवायला बोलावलंय. जाऊ?”

पट पुन्हा मांडत ते म्हणाले, “जरूर!”