स्वयंपाकघर कोणी दाखवलं?

मरोळ गावठाणातलं आमचं घर अजून कौलारू आहे. खाली मी आणि मम्मी राहतो, वर काका, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वर जायचा लाकडी जिना बाहेरूनच आहे. आजूबाजूची अशी घरं एकेक करून पाडली गेली, टॉवर उभे राहिले. त्यामुळे गल्लीत कोणी टेप घेऊन दिसला की मम्मी त्याला हटकतेच.

असाच एक तरुण तिला आमची ओटी मोजताना दिसला.

"कोणी पाठवलं तुला? बिल्डरने?"

"नाही आंटी, मी सीरियलवाला. असंच घर सेटवर बांधायचंय."

"सगळे असंच बोलतात. चल, निघ."

काही महिन्यांनी टीव्ही लावला तर समोर आमचंच घर! तोच जिना, ओटीचे खांब, खिडक्यांच्या हिरव्या झडपा. मी खूश झाले. मम्मी मात्र नाही. सीरियलमधली सून स्वयंपाकघरात शिरली, तशी ती उठून टीव्हीजवळ गेली. भिंतीतला मेरीमातेचा कोनाडा, त्याखालची तिरकी फळी, सगळं जिथल्या तिथे होतं.

"मी त्याला आत घेतलंच नव्हतं," ती म्हणाली.

आमच्याशिवाय चावी फक्त काकांकडे असायची. आम्ही वर गेलो.

"मीच दाखवलं," काका म्हणाले. "तुम्ही वसईला लग्नाला गेलेलात, तेव्हा परत आलेला. पोरगा चांगला होता. भिंत कशाची, लाकूड कुठलं, किती विचारत होता!"

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुझी आई ओरडली असती."

"आणि अजून कोणाकोणाला दाखवलंत, भावजी?" मम्मी म्हणाली.

काका उठून आत गेले. ते दुखावले होते की पकडले गेले होते, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मम्मीने कुलूप बदललं. काकांनी नवी चावी मागितली नाही. चहाला येतात, पण ओटीवरच बसतात. बिल्डर म्हणून आजवर कोणी आलेलं नाही. तरी वरून त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज आला की मी भांडी घासता घासता नळ बंद करते आणि कान देते. बहुतेक वेळा ते दुबईला असलेल्या त्यांच्या मुलीशीच बोलत असतात.