ओढ्याकाठच्या लाल फितीच्या खुंट्या

माझी भाची मानसी नद्या-ओढ्यांचा अभ्यास करते. "मावशी, रविवारी चाकणकडे ओढ्यावर येतेस? दगड उलटायचेत," म्हणाली. फिरायला दर वेळी गडच कशाला लागतो? निघालो.

निगडीहून सकाळी लवकर निघा, हा पहिला सल्ला. भोसरी, मोशी ठीक. चाकणच्या चौकात कंटेनरांमागे अडकलात की देवच वाली. गमबूट न्या, आणि वडापाव चौकातच खाऊन घ्या, पुढे टपरीसुद्धा नाही.

गावाच्या वरच्या अंगाला ओढा खळखळत होता. मानसीनं उलटलेल्या दगडाच्या पोटाला बारीक किडे बिलगले होते. "हे असले की समजायचं, पाणी बरं आहे." मला आयुष्यात किड्यांचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं. मग पात्राची रुंदी मोजायला तिनं काठावर लाल फीत बांधलेल्या खुंट्या ठोकल्या, आणि तिथंच आम्ही माती खाल्ली.

"खुट्या कुणी ठोकल्या?" बांधावरून एक गृहस्थ तरातरा आले. आधी त्यांनी माझ्या स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली. मागोमाग आणखी माणसं जमली. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. लाकडं तोडत असेल बिचारा, पण मी मानसीच्या मागे सरकले.

"आम्ही किडे बघतोय," मानसी म्हणाली.

"किडं बघाया खुट्या लागत्यात व्हय? मागं बी अशाच लाल फिती व्हत्या. मग नोटिसा आल्या. भावाचं शेत गेलं, आता ह्यो तुकडा ऱ्हायलाय."

इथं लाल फीत म्हणजे जमीन जाणार, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मानसीनं मोजमाप अर्धवट सोडून सगळ्या खुंट्या उपटल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. तिची आख्खी सकाळ वाया गेली होती. मला रडूच येत होतं.

त्या गृहस्थांचं नाव सोपानराव. किडे पाहूनही ते नरमले नाहीत. किल्ली खिशातच ठेवून त्यांनी आम्हाला खाली नेलं, कारखान्यांकडचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्याही पुढे, स्वतःच्या विहिरीपाशी. "हिला ओढ्याचाच पाझर हाय. हितला दगड उलटा."

उलटला. बुळबुळीत, काळा, उग्र वासाचा. एकही किडा नाही.

सोपानरावांच्या पत्नी घागर घेऊन तिथंच उभ्या होत्या. "आमी पितो हे पाणी."

"नुसत्या दगडावरून नक्की नाही सांगता येत, वहिनी. विहिरीच्या पाण्याची बाटली भरून नेते, तपासून कळवते. तोवर पिऊ नका," मानसी म्हणाली.

"मग काय पिऊ?"

सोपानरावांनी खाली बघतच किल्ली माझ्या हातात दिली.

तेव्हापासून रस्त्याकडेला लाल फीत दिसली की मी स्कूटर हळू करून बघते, कुणाचं शेत आहे ते. काही दिवसांनी मानसी घरी आली. पाणी पिण्याजोगं नव्हतं. माझ्यासमोरच तिनं सोपानरावांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तसं सांगितलं. पलीकडे त्यांनी ट्रॅक्टर बंद केला.

"ताई," ते म्हणाले, "त्या खुट्या मी टाकून दिल्या न्हाईत. कवा येताय ठोकायला?"