बोगद्याच्या तोंडातलं पोतं

ज्या भोकातून सगळ्या इमारतीला हवा मिळायची, ते भोक मी स्वतःच्या हातानं बुजवलं आणि कुणाला न सांगता घरी निघून आलो.

इमारत माझीच होती. म्हणजे नकाशा माझा, देखरेख माझी आणि फुशारकीही माझी. दुसऱ्या कुणाची असती तर बिचाऱ्याला माहीत नव्हतं म्हणून सुटलो तरी असतो.

त्या वर्षांत इंदूरच्या मिला एकामागून एक बंद पडत होत्या. आमच्या छत्रीबागेतल्या गल्लीत सकाळी दाढी करून, धुतलेला बुशशर्ट घालून, कुठंच न जाता ओट्यावर बसणारे बाप वाढत चालले होते. बाबा त्यांतलेच. तिकडे पलासियाला काचेची नवी ऑफिसं उघडत होती आणि त्यांतल्या एकात मी नकाशे काढत होतो. घरात कमावता मी एकटाच, त्यामुळे जरा फुगलेलो होतो. जेवताना आई मला आधी वाढायची. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

देपालपूरच्या रस्त्यावर एका संस्थेची शिबिराची जागा होती. तिथं मिलवाल्यांच्या मुलांना मोटार वाइंडिंग, वेल्डिंग वगैरे शिकवायचं ठरलं. मुलांना राहायला मोठा हॉल हवा होता, आणि वीज तिकडे जावयासारखी यायची: कधीतरी, आणि लगेच निघायच्या घाईत. मी म्हटलं, पंखे नकोत, कूलर नकोत. भिंती जाड करू. खिडक्या लहान आणि पार वर, छताजवळ. जमिनीखाली खोलवर सिमेंटचे मोठे नळ टाकून बोगदा करू. त्याचं एक तोंड बाहेर लिंबाखाली, दुसरं हॉलच्या फरशीत. वर उंच काळं धुराडं. ते तापलं की आतली गरम हवा वर ओढली जाणार आणि खालून मातीतली गार हवा आपोआप येणार.

कल्पना माझ्या डोक्यातली नव्हती, बाबांच्या नोकरीतली होती. मिलमध्ये कताईखात्याच्या फरशीखाली माणूस वाकून चालेल असे बोगदे होते. त्यांतून ओली हवा वर सोडायचे, सूत तुटू नये म्हणून. बाबांची निम्मी उमर त्या बोगद्यांत गेली. "सुतासाठी जे केलं, ते पोरांसाठी का नाही करायचं?" असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. टाळ्या पडल्या. त्यानंतर काही दिवस मी घरातसुद्धा भाषण केल्यासारखा बोलत होतो.

उन्हाळ्यात हॉल खरंच गार राहिला. थंडीसाठी मी एक नियम केला आणि तो भिंतीवर ऑइलपेंटनं लिहवून घेतला: 'थंडीत धुराड्याचे झाकण बंद ठेवावे. हवा बोगद्यातून येते.' मुलं आज्ञाधारक होती. ती तो नियम पाळायची.

त्या मुलांत माझा धाकटा भाऊ होता. तो बाबांच्या जागी मिलमध्ये लागायचा होता. जागाच उरली नाही. त्याला शिबिरात जायचं नव्हतं. मीच मागं लागून धाडला. "अरे, दादाची बिल्डिंग आहे, शान से राह ना!"

आता साप. माझी सापाची भीती अशी की पुस्तकात त्याचं चित्र आलं तर ते पान मी पेन्सिलीनं उलटतो. जानेवारीत एकदा मी इमारत बघायला गेलो. लिंबाखाली बोगद्याच्या तोंडाशी वाकलो, तर आतल्या काठाला कात लटकत होती. चांगली लांब. वाऱ्यानं हलत होती. तोंडाला जाळी नव्हती. नकाशात होती, जागेवर नव्हती. लावायची राहिली होती. कुणाकडून, ते विचारू नका.

शिबिराचे प्रमुख महूच्या फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. त्यांना जाऊन सांगायचं, की पोरं जिथं झोपतात तिथं सापाला सरळ रस्ता आहे आणि तो मी बांधलाय? जीभ रेटेना. माझ्या स्कूटरच्या डिकीत मिलमधल्या रद्दी सुताचं पोतं होतं, बाबांनी गाडी पुसायला दिलेलं. लांब काठीनं, दोन पावलं मागं उभा राहून, मी ते बोगद्यात ठासलं आणि वरून शेतातली ओली काळी माती थापली. रविवारी जाळी घेऊन येऊ. थंडीचे दिवस, तोवर हवा जरा कमी गेली तर कोण मरतंय? हे शब्द मी मनात म्हणालो होतो. नंतर ते मला फार वेळा ऐकू आले.

रविवार उजाडायच्या आत, एका दुपारी पलासियाला गारपीट सुरू झाली. ऑफिसातले सगळे स्टीलचे ग्लास घेऊन गारा वेचायला धावले. मीही. थंडीनं बोटं वाकडी झाली तसा चपराशी पेटलेली कोळशाची सिगडी घेऊन आत आला. कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, खिडकी तो खोल! मारेगा क्या सबको?"

मी ग्लास हातात घेऊन उभाच राहिलो.

शिबिरात वर्कशॉपला नुसते पत्रे. गारा पडल्या की मुलं हॉलमध्येच पळणार. स्वयंपाकाची झोपडी गळकी, म्हणजे सिगडीही आत नेणार. वरच्या खिडक्या थंडीभर बंदच; वारा, म्हणून दारही लावणार. धुराड्याचं झाकण बंद, कारण भिंतीवर मी तसं लिहिलंय. आणि बोगद्यात पोतं.

शिबिराजवळच्या गावातल्या पीसीओला फोन लावला. लागला नाही. परत लावला, तर नुसती खरखर. ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, कुठं चाललास? मी म्हणालो, "घर पे तबियत." कुणाची, ते सांगितलं नाही.

स्कूटरवर डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, तरी गारा टणाटण लागत होत्या. रस्ता पांढरा झालेला, दोन्ही बाजूंचा गहू लोळलेला. मी मोठ्यानं बोलत होतो. सिगडी ओली असेल, पेटलीच नसेल. दार उघडं असेल. पोरं बाहेर गारा वेचत असतील, आमच्यासारखी. मग एकदम आईचं तोंड डोळ्यांपुढं यायचं, आणि मी दारात उभा आहे, आणि ती विचारतेय, तो कुठाय? ह्याच्या पुढं माझं डोकं जाईना. स्कूटर एकदा घसरली. गुडघा फुटला. बरं वाटलं, खरं सांगतो. जणू काही फेडलं.

शिबिराच्या फाटकातून आत आलो तर कुठं चिटपाखरू नाही. हॉलचं दार आतून बंद. मी दोन्ही मुठींनी ठोकलं. हाका मारल्या. एवढी तरणी पोरं आत, आणि आवाज नाही. खिडक्या फोडाव्यात म्हणून दगड उचलला, तर त्या मी ठेवल्या होत्या छताजवळ. दगड भिंतीवर आपटून माझ्याच पायापाशी आला.

सुभेदारसाहेब कोठारातून धावत आले. "काय झालं? बोंबलताय काय?"

"दार तोडा! आत हवा नाही!"

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कोठारात जाऊन पहार घेऊन आले. मी लिंबाकडे पळालो. माती बसून घट्ट झाली होती. नखांनी उकरली. पोतं आत सरकलेलं. काठी शोधायला वेळ नव्हता, म्हणून हात घातला. खांद्यापर्यंत. आत थंड, मऊ, ओलं काहीतरी बोटांत आलं, आणि ते सूत आहे की तो, हे मला कळत नव्हतं. मी डोळे मिटून ओढलं. सूतच होतं.

तिकडे दाराची कडी तुटल्याचा आवाज झाला.

पहिला मुलगा भिंत धरत बाहेर आला आणि उंबऱ्यातच ओकला. मग दोघं एकमेकांना धरून. कुणी म्हणत होता, डोकं फुटतंय. कुणी नुसतं हसत होता, ते बघवत नव्हतं. सुभेदारसाहेब नाकाला रुमाल लावून आत जात आणि एकेकाला काखेत धरून ओढून आणत. भाऊ दिसेना. मी आत घुसलो. कोपऱ्यात सिगडीजवळ तो पडला होता, गाल फरशीवर, माझ्या बोगद्याच्या रुंद फटींच्या झाकणाला लागून. बहुतेक तिथं हवा येते हे त्याला आठवलं असावं.

मी त्याला ओढत गारांवर आणला. तोंडावर गारा चोळल्या. थोबाडीत मारल्या. नाव घेऊन शिव्या दिल्या. तो श्वास घेत होता, पण डोळे उघडत नव्हता. "उठ रे, उठ ना यार, उठ," एवढंच मी म्हणत राहिलो. मग त्यानं माझ्या शर्टावर उलटी केली. त्या शर्टाइतकं सुंदर मी आजवर काही ल्यालो नाही.

संस्थेच्या जीपमधून सगळ्यांना देपालपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळे वाचले, रात्रभर इथंच राहू द्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. मी बाकावर बसलो तर गुडघ्यातून रक्त ठिबकत होतं आणि ते कुणाचं, हे मला क्षणभर समजलं नाही.

सुभेदारसाहेब शेजारी येऊन बसले. "बोगद्यात काय कोंबलं होतं?"

"पोतं."

"कुणी?"

"मी."

"का?"

"कात दिसली होती."

"मला हाक मारायची. मी काठी घेऊन आलो असतो. एवढं सोपं होतं, साहेब." साहेब हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला वाटलं, ह्यापेक्षा पहार घातली असती तर बरं.

भावाला खाटेवर टेकून बसवलं होतं. हातात चहा. ओठ अजून काळेनिळे. मी पायथ्याशी उभा. म्हणालो, "जाळी बसवतो उद्या. आणि धुराड्याचं झाकणही काढूनच टाकतो. खिडक्या खाली घेतो. तो नियम पुसतो."

तो चहा फुंकत राहिला.

"आईला सांगणार आहेस?" मी विचारलं.

"नाही सांगणार," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, प्रत्येक शब्द वेगळा काढत म्हणाला, "पण दादा, माझं लग्न होईल ना, तेव्हा मांडव तू नको घालूस."