दिवेलागणीला रुसणारा ट्रक

आमच्या ट्रकचं दुखणं संध्याकाळचं होतं. दिवसभर ओझं वाहताना कसली कुरकुर नाही, आणि दिवेलागण झाली की भर हायवेवर त्याचं अवसान गळायचं. इंजिन चालू असायचं, पण पेडल कितीही दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीनं. समोर पिवळा दिवा लागायचा. मागून येणारे हॉर्न वाजवत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढं जायचे.

आमचे हे स्वतःच्या ट्रकचे स्वतःच ड्रायव्हर. सोलापुरातून चादरी-टॉवेलच्या गाठी भरायच्या, मोहोळला नाहीतर अकलूजला उतरवायच्या, आणि रात्री जेवायला घरी. हे 'जेवायला घरी' मला फार मोलाचं आहे. आधी ते दुसऱ्याच्या गाडीवर लांबच्या फेऱ्यांना जायचे. महिना महिना पत्ता नसायचा. आले की आमची पोरगी माझ्या पदराआड लपायची आणि विचारायची, "आई, हे काका कोण?" त्या माणसाचं तोंड तेव्हा कसं व्हायचं ते मी पाहिलंय. म्हणून हा ट्रक घेतला होता.

आणि आता तोच असा वागत होता. गॅरेजचे मिस्त्री त्याला मशीन लावून बघायचे. मशीन दर वेळी एकच सांगायचं: पेडलचा सेन्सर. पाय किती दाबला हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवणारा तो एवढासा तुकडा. त्याचाच भरवसा वाटला नाही की कॉम्प्युटर इंजिनाला जोर करू देत नाही. मिस्त्रींनी सेन्सर बदलला. पुन्हा तेच. दुसरा आणून बसवला, तरी तेच. तारा पुसल्या, नटबोल्ट आवळले, डिझेलवर संशय घेतला. सासूबाईंनी नजर लागली म्हणून ताज्या लिंबू-मिरच्या बांधल्या. ट्रकनं त्यांनाही दाद दिली नाही.

एकदा मोहोळच्या अलीकडच्या पुलावर गाडीनं अवसान गाळलं तेव्हा पाठीमागं एसटी होती. थोडक्यात निभावलं. त्या दिवशी घरी येऊन ह्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग म्हणाले, "देऊन टाकतो गाडी. गिऱ्हाईक बगितलंय, उद्याच्याला येतंय. मी जातो परत दुसऱ्याच्या गाडीवर."

मी नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ते मला जास्त लागलं. भांडणारा माणूस अजून आशेवर असतो.

सकाळी उठून मी तडक गॅरेज गाठलं. मिस्त्रींना चार शब्द सुनावायचे असं ठरवूनच गेले होते, आणि सुनावलेही. त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला, आणि माझ्या तोंडाचा पट्टा थांबल्यावर विचारलं, "भाभी, गाडी बिघडते कवा?"

"संध्याकाळी. किती वेळा सांगायचं?"

"आणि माझ्याकडं येते कवा? सकाळी. माझंच चुकलं. आज संध्याकाळी मी गाडीत बसतो. फक्त एक करा, रोज जे जे करता तेच करा. माझ्यासाठी काय बदलू नका."

ह्यांनी गिऱ्हाइकाला त्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. गाठी भरून आम्ही निघालो. मी पण बसले, कारण माझा दोघांवरही विश्वास नव्हता. मिस्त्रींच्या मांडीवर मशीन, त्यावर पेडलचा आकडा वरखाली होत होता. हे परीक्षेला बसल्यासारखे ताठ, गिअरसुद्धा हळुवार टाकत होते. "रोज असं चालवता व्हय?" मी चिमटा काढला, तेव्हा कुठं जरा सैल झाले.

ढाब्यांचे दिवे लागायला लागले. ह्यांनी सवयीनं डॅशबोर्डखालचं बटण दाबलं. काचेपाशी लावलेल्या तुळजाभवानीच्या तसबिरीभोवती बारीक बल्बांची माळ उजळली. ह्यांनी हात कपाळाला लावला, मीही लावला. घरात देवापुढं दिवा लागतो त्या वेळेला गाडीतही लागतो, त्यात बघण्यासारखं आम्हाला काही वाटलंच नाही. थोडं पुढं रस्ता उखडलेला होता. गाडीला हिसका बसला, माळ लुकलुकली, आणि गाडी बसली. पिवळा दिवा हजर.

"रुको, रुको," मिस्त्री ओरडले. "बत्ती बुझाव."

गाडी कडेला घेतली. माळ बंद करून इंजिन पुन्हा सुरू केलं. एकदम ठणठणीत. मिस्त्री म्हणाले, "अब फिर से लगाव." माळ लागली. त्यांनी डॅशबोर्डवर एक गुद्दा घातला, आणि मशीनवरचा आकडा धाडकन खाली आला. ते मोठ्यानं हसले. मला कळेना हसायचं की रडायचं.

खालचं कव्हर काढलं तेव्हा उलगडा झाला. खंडेनवमीला ट्रक धुऊन, पूजा करून ह्यांनी हौसेनं ही नवी माळ बसवून घेतली होती. तिचे नाजूक बल्ब ट्रकच्या चोवीस व्होल्टला जळाले असते. म्हणून बसवणाऱ्यानं अक्कल लढवून नेमकी सेन्सरची पाच व्होल्टची तार पकडली होती. पुढं माळेची तार लोखंडाच्या कडेला घासून उघडी पडली. माळ चालू असताना हिसका बसला की तार लोखंडाला चिकटायची आणि सेन्सरची वीज तुटायची. सकाळी माळ बंद, मग सापडणार काय?

ह्यांचा चेहरा पार उतरला. "म्हंजे आईच्या दिव्यानंच..." ह्यांनी तसबिरीला हात जोडले. मग म्हणाले, "काडून टाका. लाऊच नका."

"नक्को नक्को," मिस्त्री म्हणाले. "दिव्याचा काय गुन्हा हाय? त्याला त्याची वेगळी लाईन देतो की."

त्यांनी पिशवीतून व्होल्ट उतरवणारी छोटी डबी काढली. माळेसाठी थेट बॅटरीवरून नवी तार ओढली, मधे फ्यूज टाकला. मी मोबाईलचा उजेड धरला होता. सेन्सरच्या तारेला टेप गुंडाळून झाल्यावर त्यांनी ह्यांना बटण दाबायला लावलं. माळ लागली. मग त्याच उखडलेल्या रस्त्यावरून भरल्या गाडीनं आम्ही जाऊन आलो, परत गेलो, परत आलो. ट्रक हूं का चूं न करता ओढत होता.

ह्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडून आवाज आला. तूच सांग म्हणून ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"दादा, येऊ नका," मी म्हणाले. "गाडी द्यायची न्हाय आता."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. लपवलं नाही. मिस्त्रींना म्हणाले, "सकाळी लई बोलले मी तुमाला. तुमच्यामुळं माझ्या पोरीचा बाप घरात राहिला. हे मी जन्मात विसरणार न्हाय."

ते अवघडले. पक्कड पुसत, मशीनची वायर गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग भाभी, मला बी घरी सोडा. माझी बी पोरगी ताट घेऊन बसली असंल."

ह्यांनी गाडी वळवली. गाठी उद्या उतरवल्या तरी चालणार होतं.