टाचेवरच्या सुरकुत्या

माझी डावी टाच आज्ञाधारकपणामुळे मोडली.

त्या दिवशी किल्ली घरातच राहिली असं समजून मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर उभा राहून गॅलरीत चढायच्या बेतात होतो. तेवढ्यात सौ. बाजारातून आली.

"अहो, किल्ली माझ्याकडं हाय की! उतरा खाली!"

उतरलो. म्हणजे थेट उडीच मारली. (बायकोचं इतक्या तातडीनं ऐकण्याची ही पहिलीच वेळ!) मी शाळेत पी.टी. शिकवतो. उडी मारताना गुडघे वाकवा, असं पोरांवर ओरडतो. स्वतः मात्र 'सावधान'मध्ये उतरलो.

"टाचेच्या हाडाचे तुकडे झालेत," डॉक्टर एक्स-रे बघत म्हणाले. "प्लेट आणि स्क्रू बसवावे लागतील. पण आज नाही. एवढ्या सुजेत कापलं तर जखम भरायची नाही. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्या, की लगेच घेऊ."

"सुरकुत्या?" सौ. दचकली. (तिनं जन्मभर सुरकुत्या घालवायची क्रीमच आणलेली!)

पाय उशांवर ठेवून मी दवाखान्यातच पडून राहिलो. पाय कसला, कलिंगडच! भेटायला येणारा जो तो माझं तोंड सोडून टाच बघायला लागला.

"पडल्या काय गं?" सासूबाई विचारायच्या.

"कुठल्या! टम्म हाय अजून."

सासूबाईंनी नृसिंहवाडीला जाऊन दत्तालाच साकडं घातलं, जावयाला सुरकुत्या पडू देत!

मग कबनूरहून सौ.चे मामा आले. चष्मा घरी विसरून. त्यांनी पांघरूण उचललं आणि ओरडले, "अगं, पडल्या की! रग्गड सुरकुत्या हायत!"

सौ. धावली, नर्स धावली, सासूबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला पेढासुद्धा दिला! डॉक्टर घाईघाईनं आले, वाकले आणि म्हणाले, "मामा, हा उजवा पाय."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय!" मामा माझ्यावरच खेकसले.

शेवटी डाव्या टाचेलाही सुरकुत्या पडल्या. ऑपरेशनला भूल फक्त कमरेखाली, त्यामुळे पडद्यापलीकडं ड्रिल फिरताना मला ऐकू येत होतं. बाहेर सौ. रडत होती म्हणे. (ती कबूल करत नाही!)

नंतर डॉक्टर वॉर्डात आले. "हाड झकास बसलंय. काही महिन्यांत सर अगदी पूर्वीसारखे चालतील."

सौ.चा चेहरा उतरला. "पूर्वीसारखेच? एवढं उघडलंच हुतं, तर जरा सुधारणा न्हाय का करता आली?"

डॉक्टरांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"वहिनी, माझं काम टाचेपुरतं. यांचा बिघाड पार वर आहे!"