कॉर्नेटचा मधला पिस्टन

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी कॉर्नेटचा पिस्टन काढला आणि राखेने घासला.

हे लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवत, बिगुलासारखं पितळी वाद्य. बँडचं दुकान नागपूरच्या महाल भागात होतं. खंडेनवमीला तिथे सगळी वाद्यं चादरीवर मांडून त्यांची पूजा होई, आणि प्रत्येक जण आपलं वाद्य घरून घासूनपुसून नेई. यांचं कॉर्नेट विलायती होतं. कामठीच्या छावणीतल्या एका गोऱ्या वादकाने मायदेशी परतताना ते यांच्या वडिलांना दिलं होतं. एरवी ते हे स्वतःच पुसत. त्या वर्षी मी म्हटलं, मी करते.

पितळ घासणं मला नवं नव्हतं. चिंच, राख आणि काथ्या घेऊन बसले. बाहेरून ते झळझळीत झालं. मग वाटलं, देवापुढे ठेवायची वस्तू, ती आतूनही स्वच्छ हवी. कॉर्नेटला बोटांखाली तीन पिस्टन असतात. प्रत्येक पिस्टन आपापल्या नळीत वर-खाली होतो आणि फुंकीची वाट बदलतो. त्या नळीला बँडची माणसं घर म्हणतात. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यामध्ये केसाएवढी फट चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मधला पिस्टन बाहेर काढला. त्यावर तपकिरी डाग होते. ते जाईपर्यंत मी तो गोल फिरवून फिरवून घासला. उजेडात धरला तेव्हा त्यावर बारीक रेघा दिसल्या. मी तो धुतला, तेल लावून परत बसवला आणि उरलेल्या दोन पिस्टनांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर प्रत्येकाने आपलं वाद्य थोडंथोडं वाजवलं. मी बायकांबरोबर दाराशी उभी होते. यांची पाळी आली, आणि मधल्या बोटाचा सूर आला की नुसती हवा फसफसू लागली.

"काय गा, कॉर्नेटले खोकला झाला का?" बँडचे मालक म्हणाले. सगळे हसले. हेही हसले.

संध्याकाळी यांनी तिन्ही पिस्टन काढून पाहिले. मधला हातात घेऊन म्हणाले, "बापाच्या वेळचा आहे. झिजला असन."

मी सातवी पास होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. शब्द सापडत नव्हते असं म्हणता येणार नाही. मी पुस्तक उघडून बसले आणि एकच ओळ वाचत राहिले.

चार दिवसांनी मालकांनी हसणं सोडलं. बँडमध्ये कॉर्नेटवाला सगळ्यांत पुढे चालतो. गाणं तो उचलतो, बाकीचे त्याच्या मागे जातात. त्या जागेवर हे अकरा वर्षं चालत होते. मालक म्हणाले, "तुळशीच्या लग्नापासून सराई लागते. तवरीक कॉर्नेट नीट झालं तर तू पुढे. नाहीतर दुसऱ्याले पुढे करतो, तू झांजा धर." यांना दुसरं काही वाजवता येत नव्हतं. झांजा कोणीही वाजवतं.

लढाईचे दिवस होते. विलायतेहून वाद्यं येत नव्हती, मग त्यांचे सुटे भाग कुठून येणार? नागपुरात तर कोणाकडेच नव्हते. हे म्हणाले, "तू इंग्रजीत चिठ्ठी लिहीत जा. कलकत्त्याले लिही, मुंबईले लिही." यांना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. मी शाळेचा शब्दकोश घरी आणला. कॉर्नेटवर कोरलेलं कारखान्याचं नाव, मधल्या पिस्टनची लांबी, जाडी, सगळं नीट लिहिलं. तो कशाने बिघडला, तिथे लिहिलं: पुष्कळ वर्षांच्या वापराने झिजला आहे. अक्षर माझं चांगलं होतं. हे म्हणाले, "वाच, काय लिहिलं?" मी मराठी करून सांगितलं. हे मान डोलवत राहिले.

कलकत्त्याहून कार्ड आलं की माल नाही. मुंबईच्या दुकानाचं मात्र पाकीट आलं. त्यांच्याकडे त्याच कारखान्याचा एक जुना पिस्टन होता, मधलाच. पण त्यांनी विचारलं होतं की झीज फक्त पिस्टनची आहे की घराचीही? वर्षानुवर्षं वाजवून झिजला असेल तर घरही मोठं झालं असणार, आणि मग आमचा पिस्टन तुमच्या कामाचा नाही. नक्की कसं झालं ते लिहा.

मी ते पत्र तीनदा वाचलं. हे समोर बसले होते.

"काय म्हणते?"

"आणखी माहिती मागतात."

"मंग दे ना लिहून. काहून थांबली?"

त्या दिवशी मी खरं लिहू शकले असते. यांना कळलंही नसतं. मुंबईच्या त्या दुकानदाराशी आमची ओळख थोडीच होती? पण पत्र यांच्या नावाने जाणार होतं. लिहिल्यावर हे वाचून दाखव म्हणणार, आणि मला एक लिहून दुसरं वाचावं लागणार. मी पुन्हा तेच लिहिलं, वापराने झिजला. उत्तर आलं: तर मग क्षमा असावी, पिस्टन पाठवण्यात अर्थ नाही.

यांना मी सांगितलं, "त्यांच्याकडे नाही म्हणतात."

तुळशीच्या लग्नाला आठ दिवस उरले. हे म्हणाले, कामठीला एक म्हातारे मिस्त्री आहेत, छावणीची वाद्यं दुरुस्त करायचे, त्यांच्याकडे जाऊ. मीही गेले. मला का जायचं होतं, ते मी यांना सांगितलं नाही. मला तरी कुठे नीट कळत होतं?

मिस्त्रींच्या छपरीत आढ्याला चेपलेले बिगुल टांगले होते. त्यांनी चष्मा वर केला, डोळ्याला भिंग लावलं आणि पिस्टन फिरवून पाहिला.

"मास्तर, पिस्टन तर वर-खाली जाते. झिजला तर रेघा उभ्या पाह्यजे. ह्या आडव्या काहून आहेत?"

"जुना आहे, मिस्त्री," हे म्हणाले.

"जुना तर मी बी आहे. माह्या अंगावर आडव्या रेघा आहेत का?"

हे हसले. माझ्या हातात पिशवी होती, ती मी दुसऱ्या हातात घेतली.

मिस्त्रींनी कॉर्नेट उचलून मधल्या घरात बोट घातलं. "एकच सूर जाऊन राहिला, म्हणजे हे घर कधी आपटलं असन. वाकडं झालं, पिस्टन घुमून घुमून घासला. घर आतून खरवडून गोल करा लागते. मंग मी जाड पिस्टन वळून देतो. चार दिवसांत वाजन. पर एक सांगतो, एकदा खरवडलं का विलायती पिस्टन याच्यात पुन्हा बसणार नाही. रुपयातला चार आणे आवाज जाईन."

यांनी कॉर्नेटवरून एकदा हात फिरवला. "करा," म्हणाले.

मिस्त्रींनी धारेच्या कडांचं एक लांब पोलादी हत्यार काढलं. त्याला तेल लावलं. कॉर्नेट गुडघ्यांत धरलं. हत्याराचं टोक घराच्या तोंडावर टेकवलं.

"थांबा," मी म्हटलं. "घर चांगलं आहे. पिस्टन मी घासला. राखेनं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी."

मिस्त्रींनी हत्यार बाजूला घेतलं. "लोटा समजल्या का, बाई?" म्हणाले. कोणी हसलं नाही. मग ते हळू आवाजात बोलले, "मंग घराले हात लावाचं काम नाही. असाच पिस्टन भेटला तर बसन. पर आता भेटते कुठं?"

"मुंबईत आहे," मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. "त्यानं तर नाही म्हटलं ना?"

मी मुंबईच्या दोन्ही पत्रांत काय होतं ते सांगितलं. मिस्त्रींसमोरच सांगितलं. घरी जाऊन सांगते म्हटलं असतं, तर सांगितलं नसतं.

परतीच्या गाडीत हे कॉर्नेट मांडीवर घेऊन बसले. इतवारीच्या स्टेशनावर उतरल्यावर म्हणाले, "तू वाचून सांगे तवा मी तुह्या तोंडाकडे पाहत होतो. कागदाकडे नाही."

मी त्याच दिवशी मुंबईला खरं ते लिहिलं. वाचून दाखवू का, असं विचारलं नाही. हे पत्र घेऊन पोस्टात गेले, तिथल्या बाबूकडून वाचून घेतलं आणि मगच पेटीत टाकलं. उत्तर आलं तेही बाबूनेच वाचलं. पिस्टन अजून शिल्लक होता. तो पार्सलने आला तेव्हा तुळशीचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. मिस्त्रींनी आठ दिवस तेलात फिरवून फिरवून तो घरात बसवला, आणि आवाज पहिल्यासारखा आला. पण तोवर पाच लग्नांत दुसरा माणूस पुढे चालला होता आणि यांनी झांजा धरल्या होत्या. मालक म्हणाले, "आता त्याले मागे कसा करू गा?" हे दुसऱ्या रांगेत कॉर्नेट वाजवू लागले. पुढची जागा यांना परत मिळाली नाही.

त्यावरून हे मला कधी बोलले नाहीत. माझ्या हातचं जेवत, शाळेला उशीर होईल म्हणून घाई करत, माझ्या पुस्तकांसाठी यांनी फळी ठोकून दिली. फक्त घरात इंग्रजी कागद आला की तो खिशात घालून पोस्टात जात. त्या बाबूची बदली झाली, मग दुसऱ्या बाबूकडे जात. मी घरातच बसलेली असे. यात पुष्कळ वर्षं गेली. मी सवय करून घेतली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. दर वेळी यांनी चपला घातल्या की माझं हातातलं काम थांबे.

मागच्या वर्षी यांचा खोकला वाढला. इस्पितळात छातीचा फोटो काढला. त्याचा कागद आणायला मीच गेले होते. घरी आले तेव्हा हे खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी कागद यांच्या हातात दिला. यांनी पाकीट उघडलं, कागद काढला, उलटून पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच," म्हणाले. "सगळं वाच."

मी वाचलं. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, असं त्यात होतं. उपाय लिहिलेला नव्हता. वाचताना मी यांच्याकडे पाहिलं नाही. हे कागदाकडे पाहत होते.

"अजून काही आहे?"

"खाली डॉक्टरची सही आहे."

"बरं," म्हणाले.

त्यानंतर सात आठवड्यांनी हे गेले. कॉर्नेट मी बँडच्या दुकानात दिलं. तिथे एक जण ते वाजवतो. यांचे कपडे देऊन टाकले. घरात मी आहे आणि पुस्तकं आहेत.